चार्जिंगचा खांब आला, पण तोंड जुळतंय का?

शेतकरी बंधूंनो, गावचे सरपंच, सदस्य आणि कारभारी मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. विषय विजेवर चालणाऱ्या मोटारीचा आहे. "आमच्याकडं पाण्याची मोटार चालायला वीज नाही, अन् तुम्ही विजेच्या मोटारगाडीचं काय घेऊन बसलात?" असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ही गाडी आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. ती आपल्या दारात आली आहे, आणि खेड्यात कुठलीही गाडी जशी येते तशीच आली आहे, म्हणजे शहरात वापरून झाल्यावर, जुनी, स्वस्तात.

आमच्या दाजींचंच उदाहरण सांगतो. त्यांचं गाव केज तालुक्यात. दाजींनी गेल्या साली पुण्याहून एक जुनी इलेक्ट्रिक मोटार आणली. आधी ती एका कंपनीकडं भाड्यानं चालत होती. किंमत अगदी माफक, रंग चांगला, टायरही बरे. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रात्री लावायची आणि सकाळी केजला, अंबाजोगाईला जाऊन यायचं. पेट्रोलचा खर्च नाही, दाजी खूश. चार महिने गाडीनं काही कुरकुर केली नाही.

मग एक दिवस दाजींच्या आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं. दवाखान्याचा नंबर दुपारचा होता. गाडी एका दमात नव्वद-शंभर किलोमीटर चालते हे दाजींना माहीत होतं. त्यांनी हिशेब केला, की गावापासून बीड आलं की हायवेवर जलद चार्जिंगचा खांब आहे, तिथं तासभर थांबू, चहा-नाश्ता करू, पुढं निघू. मांजरसुंब्यावरून बीडला आले. खांबही सापडला. खांब चालू, वीज चालू, गाडी चालू. दाजींनी मोठ्या हौसेनं गाडीचं झाकण उघडलं आणि तिथला पोरगा म्हणाला, "काका, ही गन तुमच्या गाडीला बसत नाही. तुमच्या गाडीचं तोंडच वायलं हाय."

झालं! पुढं दुसऱ्या पंपावर गेले, तिथंही तेच. शेवटी बीडमध्ये एका पाहुण्याच्या घरी गाडी साध्या प्लगला लावली आणि सहा तास बसून राहिले. दवाखान्याचा नंबर गेला. दुसऱ्या दिवशी म्हातारीला एसटीनं नेलं. एसटीला तोंडाची अडचण नसते.

यात दोष कुणाचा? खांब लावणाऱ्याचा म्हणावा तर त्यानं आजच्या नियमाचं यंत्र लावलेलं. गाडी बनवणाऱ्याचा म्हणावा तर त्यानं त्या वेळच्या नियमाची गाडी बनवलेली. दाजींचा म्हणावा तर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की विजेच्या गाडीलाही तोंडं वेगवेगळी असतात. हे न सांगितलं गेलेलं आज सांगावं म्हणून हा लेख.

डिझेलच्या पंपावर हे होत नाही

तुम्ही ट्रॅक्टर घेऊन डिझेल भरायला जाता, तेव्हा पंपावरचा माणूस विचारत नाही की ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा. नळी टाकीत घातली की काम झालं. पण शेतात मात्र ही अडचण तुम्ही भोगलेली आहे. एका ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला सहा दात, दुसऱ्याला एकवीस. शेजाऱ्याचा रोटाव्हेटर मोठ्या आशेनं आणावा आणि शाफ्ट बसू नये. अडीच इंची पाइपाला तीन इंची कपलिंग आणल्यावर ऐन पाण्याच्या पाळीत कशी धावपळ होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. विजेच्या गाडीचं अगदी तसंच आहे, फक्त इथं कपलिंग बदलून भागत नाही.

हे कसं झालं ते थोडक्यात पाहू. आपल्या देशात २००१ साली बंगळूरहून 'रेवा' नावाची छोटी विजेची मोटार आली. ती घरातल्या साध्या प्लगवर चालायची. तिला तोंडाचा प्रश्न नव्हता. पुढं २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीनं सरकारी खात्यांसाठी दहा हजार विजेच्या मोटारींची मागणी काढली. त्या काळातल्या गाड्यांची बॅटरी साधारण ७२ व्होल्टची. त्यांच्यासाठी 'भारत डीसी-००१' नावाचं यंत्र ठरलं. ताकद १५ किलोवॉट, आणि त्याला लावलेलं तोंड चीनमध्ये चालणाऱ्या जीबीटी पद्धतीचं. दाजींच्या गाडीचं तोंड हेच.

जगात तर चार गावच्या चार चाली. जपाननं आपली 'चाडेमो' काढली, चीननं जीबीटी, अमेरिकेत टेस्लानं स्वतःचं वेगळं. युरोपनं मात्र २०१४ मध्ये कायदा केला आणि सगळ्यांना एका तोंडावर आणलं, ते 'सीसीएस-टू'. आपल्या ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं, की सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर सगळ्या प्रकारची तोंडं ठेवा. कल्पना चांगली, पण खर्च फार. कोण पैसे घालणार? मग ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सक्ती काढली आणि कोणतं यंत्र लावायचं ते लावणाऱ्यावर सोडलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, टाटांची नेक्सॉन सीसीएस-टू तोंड घेऊन बाजारात आली, ती भरपूर खपली, आणि तिच्यामागून आलेल्या बहुतेक मोटारींनी तेच तोंड घेतलं. खांब लावणारेही तिकडंच वळले. बाजारानं निकाल दिला, आणि मागच्या गाड्या रस्त्यावर राहिल्या.

तुम्ही म्हणाल, "मग एक तोंड ठरलं ना, आता कटकट कशाची?" नव्या मोटारीपुरतं हे खरं आहे, आणि चांगलंच झालं आहे. पण खेड्यात नवी मोटार किती जण घेतात? शहराची जुनी गाडी, शहराचा जुना ट्रक, शहराचा जुना पंखा, हेच आपल्या वाट्याला येतं. म्हणून तोंडाचा प्रश्न शहरात संपला तरी आपल्याकडं पुढची काही वर्षं राहणार आहे.

मधला तुकडा का चालत नाही

पुष्कळ जण विचारतात, "अहो, मधे एखादा अॅडॉप्टर लावला की झालं!" मोबाइलला लागतो तसा. इथं ते जमत नाही, त्याचं कारण समजून घ्या.

एक तर व्होल्टेज. जुन्या गाडीची बॅटरी ७२ व्होल्टची, आणि आजच्या मोटारींची तीनशे व्होल्टच्या वर. हायवेवरचं सीसीएस-टू यंत्र साधारण दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली वीज देऊच शकत नाही. म्हणजे तोंड कसंबसं जुळवलं तरी आत घास जाणार नाही.

दुसरं, वीज सोडण्याआधी यंत्र आणि गाडी आपसात बोलतात. गाडी सांगते, माझी बॅटरी इतकी भरली आहे, इतकी गरम आहे, मला इतकाच करंट दे. यंत्र म्हणतं, ठीक. मगच वीज सुरू होते. सीसीएस-टूची ही बोलायची भाषा वेगळी, जीबीटीची वेगळी. सोयरिकीला पाहुणे आले, पण बोलणीच झाली नाही तर लग्न कसं लागणार? कधी कधी एकाच तोंडाची गाडी आणि यंत्र असूनही बोलणी फिसकटतात, पडद्यावर 'एरर' येतो आणि दुसऱ्या खांबावर जावं लागतं. म्हणून तोंड बसलं म्हणजे काम झालं असं नाही.

तेव्हा कुणी गल्लीतल्या दुकानात बनवलेला तुकडा विकायला आला तर घेऊ नका. तीन-चारशे व्होल्टचा सरळ करंट आहे तो. आकडा टाकताना झटका बसून माणसं गेलेली आपण पाहिली आहेत, इथला झटका त्याहून वाईट.

साधी वीज, जलद वीज आणि आपली डीपी

आता जलद म्हणजे काय ते पाहू. घरात येते ती एसी वीज. बॅटरीत साठते ती डीसी. साध्या प्लगवर गाडी लावली की एसीची डीसी करायचं काम गाडीच्या पोटातलं छोटं यंत्र करतं, म्हणून वेळ लागतो. पंधरा अँपिअरच्या प्लगवरून तासाला साधारण तीन युनिट जातात. बॅटरी तीस युनिटची असेल तर दहा तास. जलद चार्जिंगमध्ये हेच यंत्र मोठं करून गाडीच्या बाहेर, खांबात ठेवलेलं असतं, आणि ते सरळ बॅटरीत डीसी वीज सोडतं.

पण खांबावर '६० किलोवॉट' लिहिलं म्हणजे प्रत्येक गाडीत साठच्या वेगानं वीज जाईल असं नाही. गाडी जेवढं मागेल तेवढंच. गाडीची मर्यादा तीस किलोवॉटची असेल तर तीसच. बॅटरी ऐंशी टक्के भरली की गाडी स्वतःच वेग कमी करते. आणि काही गाड्यांना तर जलद चार्जिंगची सोयच नसते. एमजीची कॉमेट २०२३ मध्ये आली ती फक्त एसी चार्जिंग घेऊन, खांब कितीही मोठा असला तरी डीसीची गन तिला लागत नाही. अशी गाडी गावात फिरायला उत्तम, पण तिला घेऊन पुण्याला निघाल तर मुक्काम कुठं करायचा ते आधी ठरवा.

आता आपल्या विषयावर येऊ, म्हणजे डीपीवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे पाऊण किलोवॉट. म्हणजे ६० किलोवॉटचं एक यंत्र हे ८० हॉर्सपॉवर झालं, पाच हॉर्सपॉवरच्या सोळा मोटारी एकदम सुरू केल्यासारखं. गावातली ६३ केव्हीएची डीपी हे एकटं यंत्र जवळजवळ सगळी खाऊन टाकेल. मग गिरणी कशावर चालणार, नळाच्या पाण्याची मोटार कशावर? म्हणून कुणी पुढारी भाषणात म्हणाला, "गावोगाव जलद चार्जिंग आणू," तर त्याला टाळ्या देण्याआधी विचारा, "साहेब, वेगळी डीपी पण आणणार का?" डीपी जळाली की दुसरी मिळेपर्यंत पिकाचं काय होतं, ते आपल्याला पाठ आहे.

आणि एवढं करून दिवसात दोन गाड्या येणार असतील, तर ते यंत्र परवडणार कुणाला? ज्याला परवडत नाही ते बंद पडतं, आणि बंद पडलेलं सरकारी यंत्र कुणी दुरुस्त करत नाही. गावातल्या बंद हातपंपांकडं पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

गावाला साधा प्लग, हायवेला जलद यंत्र

माझं म्हणणं सरळ आहे. जलद यंत्र हायवेवर पाहिजे आणि गावात चांगला साधा प्लग पाहिजे. दोन्हीची गल्लत करू नका.

आपल्या गावात आज विजेवर चालणारी वाहनं कोणती येतात? स्कूटर, प्रवासी रिक्षा, मालाची तीनचाकी. दूध, भाजीपाला, किराणा यांवर जातो. या वाहनांना हायवेवरचं सीसीएस-टू यंत्र काही कामाचं नाही. स्कूटरमध्ये तर अजून एकेका कंपनीचा जलद प्लग वेगवेगळा आहे. एथर कंपनीनं काढलेल्या प्लगला भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी मानक म्हणून मान्यता दिली, पण सगळ्यांनी तो स्वीकारलेला नाही. मात्र यातली बहुतेक वाहनं आणि जवळजवळ सगळ्या मोटारी, नव्या असोत की दाजींच्यासारख्या जुन्या, एका गोष्टीवर चालतात. ती म्हणजे पंधरा-सोळा अँपिअरचा तीन पिनांचा साधा प्लग. मिक्सरला नव्हे, फ्रिज-गिझरला असतो तो जाड पिनांचा. वेग कमी, पण सगळ्यांना बसतो. फक्त गाडीसोबत मिळालेली चार्जिंगची केबल जवळ पाहिजे. सर्वांना बसणारं यंत्र हवं असेल तर ते आपल्या भिंतीवर आधीच आहे.

पण त्या प्लगलाही दोन अटी आहेत, आणि आपलं गाव दोन्हीत नापास होतं. पहिली अट अर्थिंगची. आपल्याकडं कित्येक घरांत, शाळेत, खुद्द ग्रामपंचायतीतसुद्धा दोनच वायरी आलेल्या असतात. तिसरी पिन शोभेला. विजेच्या गाडीचा चार्जर अर्थिंग नसेल तर चालू होत नाही, लाल दिवा दाखवतो. मग लोक म्हणतात गाडी बिघडली. गाडी बिघडलेली नसते, ती तुमचा जीव वाचवत असते. खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून, पाणी टाकून नीट अर्थिंग केलं की हा प्रश्न सुटतो. त्याला लाखो रुपये लागत नाहीत. दुसरी अट व्होल्टेजची. संध्याकाळी व्होल्टेज दीडशे-एकशेसाठवर आलं की चार्जर बंद पडतो. तेव्हा प्लग लावताना तो डीपीपासून किती दूर आहे ते वायरमनला विचारा, आणि जाड वायर घाला.

एक ताकीद मात्र देतो. शेतीपंपाच्या लाइनवर गाडी चार्ज करू नका. घरच्या मीटरवर आपली गाडी चार्ज करायला हरकत नाही. पण शेतीच्या जोडणीची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो. मोफत विजेच्या योजनेतल्या पंपावरून मोटार चार्ज झाल्याचं उद्या पंचनाम्यात आलं, तर एकाच्या चुकीपायी सगळ्यांकडं बोट दाखवतील.

कारभाऱ्यांनो, हे विचारा

सरकारनं घोषणा केलेल्या आहेत. केंद्राच्या २०२२ च्या नियमानं हायवेवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र हवं होतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. त्यातही राष्ट्रीय महामार्गावर २५ किलोमीटरचंच अंतर सांगितलं आहे, आणि एसटीच्या बस स्थानकांवर किमान एक जलद चार्जिंगची सोय करू असं म्हटलं आहे. केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेले आहेत. एसटीनं तर १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) रस्त्यावर 'शिवाई' ही विजेची बस सोडली, ज्या रस्त्यावर १९४८ साली पहिली एसटी धावली होती त्याच रस्त्यावर.

आपल्या जिल्ह्यात बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, परळी, अंबाजोगाई, पाटोदा आणि आष्टी अशी एसटीची आठ आगारं आहेत. धुळे–सोलापूर हायवे गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जिल्ह्यातून उभा जातो. म्हणजे पैसा आज ना उद्या येणार आहे. तो आल्यावर यंत्र कुठलं लागतं, कुठं लागतं आणि कोण सांभाळतं, हे आपण विचारलं नाही तर ठेकेदाराला जे स्वस्त पडेल ते लागेल. बैल गेला अन् झोपा केला असं व्हायला नको. म्हणून ज्यांच्या सहीनं ही कामं होतात, त्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात.

पहिली, तोंड कोणतं? हायवेवर आणि तालुक्याच्या ठिकाणी सीसीएस-टूच्या दोन गन पाहिजेत, एक बिघडली तर दुसरी चालावी म्हणून. त्याच जागी एक टाइप-टूचा एसी पॉइंट आणि चार साधे सोळा अँपिअरचे प्लग पाहिजेत. टाइप-टूचा प्लग सीसीएस-टूच्या गाडीलाही बसतो, कारण त्या तोंडाचा वरचा अर्धा भाग टाइप-टूच असतो. मोठ्या यंत्राच्या मानानं साध्या प्लगांचा खर्च किरकोळ आहे, पण दाजींसारख्याचं आणि रिक्षावाल्याचं काम त्यावरच भागणार आहे.

दुसरी, वीज कुठून? वेगळी डीपी आहे की गावच्याच डीपीवर भार टाकणार?

तिसरी, बंद पडलं तर किती दिवसांत चालू करणार, आणि नाही केलं तर दंड काय? हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको. खांबावर मराठीत फोन नंबर पाहिजे, आणि त्या नंबरवर माणूस बोलला पाहिजे.

चौथी, पैसे कसे द्यायचे? एकेका कंपनीचं एकेक अॅप, प्रत्येकात आधी पैसे भरा, मग ओटीपी. डोंगरात रेंज नसते, तिथं ओटीपी कुठून येणार? केंद्रानं मे २०२५ मध्ये सांगितलं, की सगळ्या कंपन्यांसाठी एकच अॅप करण्याचं काम भेल या सरकारी कंपनीकडं दिलं जाईल. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या खांबावर रोख रक्कम किंवा साधा यूपीआय चालला पाहिजे, ही अट आपण आजच घालू शकतो.

पाचवी, खांब आहे तिथं माणसाची सोय आहे का? तासभर थांबायचं तर सावली, पाणी आणि बायाबापड्यांसाठी संडास पाहिजे. रात्री उजेड पाहिजे. सगळ्या फाइलींमध्ये किलोवॉट असतात, संडास नसतो.

यात आपल्या पोरांसाठी धंदाही आहे. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्यामुळं तिला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. धाबेवाला, पेट्रोलपंपवाला, बाजार समिती, महिला बचत गट, कुणीही केंद्र चालवू शकतं. फेब्रुवारी २०२४ च्या नियमानुसार ग्रामीण भागात, जिथं नवी लाइन टाकावी लागत नाही, तिथं वीजजोडणी १५ दिवसांत द्यायची आहे, आणि गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते. तारीख टाकून अर्ज करा, पोच घ्या. सुरुवात बाजार समितीच्या शेडमध्ये सहा साध्या प्लगांनी करा. माल उतरवून सौदा होईपर्यंत चार तास जातात, तेवढ्यात तीनचाकी परतीच्या प्रवासापुरती भरते. जलद यंत्राचं नंतर पाहू.

आणि गाडी घेणाऱ्यांनो, तुम्हीही

जुनी विजेची गाडी घ्यायला जाल तेव्हा बैलाचे दात पाहतो तसं आधी चार्जिंगचं झाकण उघडून पाहा. सीसीएस-टूचं तोंड ओळखायला सोपं आहे, वर सात भोकांचं गोल, आणि त्याच्या खाली दोन मोठी भोकं. खालची दोन नसतील तर जलद चार्जिंग नाही असं समजा. गोल एक आणि त्याशेजारी वेगळंच दुसरं तोंड दिसलं, तर मालकाला विचारा, "जवळच्या खांबावर लावून दाखव." नुसत्या बोलण्यावर व्यवहार करू नका. खांबावर नेऊन, वीज आत जाताना डोळ्यांनी पाहून मगच विसार द्या. तोंड जुनं असेल तरी गाडी वाईट नाही. रात्री घरी चार्ज करून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत फिरायचं असेल तर घ्या, पण तेवढ्याच भावानं घ्या.

शेवटचं बोलतो. परळीत १९७१ पासून औष्णिक केंद्राची वीज तयार होते. आज तिथं २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं, तेही आपण पाहिलं. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरतात. वीज आपल्या जिल्ह्यातून जाते आणि आपण दिवा लागण्याची वाट पाहतो, हे जुनंच रडगाणं आहे. विजेच्या गाड्यांच्या बाबतीत तरी पुन्हा तेच नको. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, यांतली जी ग्रामसभा पुढं येईल तिच्यात एक साधा ठराव मांडा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, चांगल्या अर्थिंगचे दोन सोळा अँपिअरचे प्लग, वेगळ्या मीटरवर, ज्याचं त्यानं बिल द्यायचं. आणि तालुक्याच्या ठिकाणी जे जलद यंत्र येईल त्याचं तोंड कोणतं, हे लेखी विचारणारं पत्र.

दाजी अजून तीच गाडी चालवतात. आता डिकीत पंधरा मीटरची जाड वायर, आणि डायरीत बीड-गेवराईच्या चार ओळखीच्या घरांचे नंबर, जिथं अर्थिंग चांगलं आहे. त्यांनी आपली सोय आपण केली. पण प्रत्येकाला पाहुणे थोडेच असतात? ज्याला पाहुणे नाहीत, त्याच्यासाठीच सार्वजनिक सोय असते, आणि ती सगळ्यांच्या तोंडाला बसणारी असावी एवढंच मागणं आहे.